पुढच्या सीटची पात्रता

"पगाराचा दाखला?" काउंटरवरच्या मुलीने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "हा कशाला दिलात?"

"मॅडमची सीट चुकीची दिली गेली आहे," मी म्हणाले. "एक्केचाळिसावी रांग आली आहे. त्यांना पुढची लागू होते."

"लागू होते म्हणजे?"

"त्यांच्या पगाराला."

तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर डिमेलो असं नाव होतं. तिने दाखला खरोखरच वाचला. मग आवाज जरा खाली आणून, आजारी माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली, "बाई, आम्ही पगार बघून सीट देत नाही. तिकीट बघून देतो."

"मग तिकिटात चूक झाली असेल. तुमच्या वरिष्ठांना बोलवता का?"

मी तेव्हा रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत कायम झालेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसायला निघालेली बाई होते. वाढले होते सरकारी कारखान्याच्या वसाहतीत. तिथे कुणाला किती खोल्यांचं क्वार्टर, कुणाला बाल्कनी, कुणाच्या पंख्याला रेग्युलेटर, सगळं पगारावरून ठरायचं. बाबांना बढती मिळाली तेव्हा कचेरीत त्यांची बिनहाताची खुर्ची जाऊन हाताची खुर्ची आली होती, आणि ती बघायला आई आम्हां दोघी बहिणींना घेऊन गेली होती. आगगाडीचा डबासुद्धा पगारावर. पाणी शंभर अंशांना उकळतं, तसंच हे, असं मी धरून चालले होते. शिवाय नवा वेतन आयोग लागू झाला त्या दिवशी आमचे प्रशासन अधिकारी भोयर स्वतः मॅडमच्या खोलीत येऊन म्हणाले होते, "आता विमानात समोर बसाल बरं का मॅडम. पडद्याच्या समोर." मी तिथेच उभी होते.

दाखलाही मी मुद्दाम आणला नव्हता. व्हिसाची कागदपत्रं माझ्याकडे होती, त्यात तो होता.

वरिष्ठ आले, त्यांनी संगणकात पाहिलं. "तिकिटं व्हिएन्नाच्या संस्थेनं पाठवलीत. दोन्ही इकॉनॉमीची आहेत. चूक काही नाही."

शेजारच्या आखूड रांगेत सफारी आणि पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. ते मघापासून ऐकत होते.

"ताई, एक विचारू का?" ते म्हणाले. "ज्याला पगारच नाही, त्यानं कुठं बसायचं?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी बोरस्ते, पिंपळगावचा. द्राक्षं पाठवतो बाहेर. जन्मात कुणाकडून पगार घेतला नाही. तुमच्या हिशेबानं मी सामानातच जायला पाहिजे." आणि त्यांनी आपला पास दाखवला. दुसरी रांग.

डिमेलो हसली. मी म्हणाले, "तुमची कंपनी देत असेल पैसे."

"कंपनी म्हणजे मी आणि माझी बायको. तिला विचारूनच तिकीट काढलंय. पहिल्या खेपेला मागं बसून गेलो होतो. उतरलो तो असा कमरेत वाकलेला. समोरच्या गोऱ्याला वाटलं, माणूस अडलेला दिसतोय. भाव पाडला त्यानं. तेवढ्या पैशांत दहा वेळा पुढं बसलो असतो. तेव्हापासून बायकोच म्हणते, ताठ जा आणि ताठ बोल."

माझ्यात एरवी नसलेलं धाडस त्या दिवशी होतं. मी म्हणाले, "आमच्या मॅडमच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. दिवाळीनंतर. उद्या सकाळी त्यांना फार महत्त्वाच्या बैठकीत बोलायचं आहे. तुम्ही सीट बदलून द्याल का?"

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. सामानाच्या गाडीवर हात टेकून डॉ. शशिकला देवपुजारी उभ्या होत्या. सुती साडीवर कंबरेला डॉक्टरी पट्टा, अंगावर मुलाचा जुना कोट.

"नाही देणार, ताई," बोरस्ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. उद्या सकाळी मलाही ताठ उभं राहायचंय."

"बरोबर बोलले ते," मागून मॅडम म्हणाल्या. "सोनटक्के, तो दाखला आत ठेव. चल."

चालताना मी म्हणाले, "मॅडम, त्या संस्थेने निदान तुमचा हुद्दा तरी बघायला हवा होता."

"चालताना बोलू नकोस. मला पायऱ्या बघाव्या लागतात."

पायऱ्या नव्हत्याच.

आम्ही निघालो होतो एका कागदाच्या पट्टीसाठी. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की मुलांचे दात तपकिरी होतात, पुढे हाडं वाकतात. ते फ्लोराइड ओळखायला नमुना शहरात पाठवावा लागायचा आणि उत्तर येईपर्यंत गाव तेच पाणी प्यायचं. मी एक पट्टी तयार केली होती. पाण्यात बुडवायची, गुलाबी राहिली तर पाणी चांगलं, पिवळी पडली तर प्यायचं नाही. यवतमाळकडच्या गावांत ती चालली होती. आता व्हिएन्नात एक समिती बसणार होती आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या पद्धतींपैकी एक निवडणार होती. जी निवडली जाईल ती आफ्रिकेपासून चीनपर्यंत विहिरींवर जाणार. बाकीच्या कपाटात.

समितीपुढे मॅडम बोलणार, हे मी गृहीत धरलं होतं. आमच्याकडे काम कुणीही केलेलं असो, बोलायचं वरिष्ठांनी. मला पट्ट्या आणि बाटल्या सांभाळायला नेत आहेत, अशी माझी समजूत होती. मला दौऱ्याची परवानगी मिळाली ती "शासनावर कोणताही खर्च पडणार नाही" या अटीवर, आणि संस्थेने दोघींची तिकिटं पाठवली याचं मला थोडं आश्चर्यही वाटलं होतं. फार विचार मी केला नाही. माझी एकच काळजी होती. मॅडम ताठ उभ्या राहिल्या नाहीत, तर मला बोलावं लागेल. आणि चार माणसांपुढे उभी राहिले की माझा घसा बंद होतो, हे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

विमानात मागे जायला पुढच्या भागातून जावं लागलं. बोरस्त्यांनी बूट काढून पाय लांब केले होते. मॅडमना पाहून त्यांनी हात जोडले. मॅडमनीही जोडले. मी त्या खुर्चीची मापं मनात घेतली. पाठ किती मागे जाते, गुडघ्यापुढे किती जागा राहते. मग एक्केचाळिसावी रांग आली. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं.

दुपारचं जेवण होईपर्यंत मॅडम कशाबशा बसल्या. मग उठल्या आणि अगदी शेवटी, जिथे जेवणाच्या गाड्या ठेवतात, तिथे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मीही गेले. हवाईसुंदरी म्हणाली, कृपया जागेवर बसा. मॅडमनी तिला शांतपणे विचारलं, "मी इथे उभी राहिलेली तुला चालेल, की तिथे आडवी पडलेली?" त्यानंतर तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही. उलट मॅडमना गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

"सोनटक्के, तो पडदा दिसतोय का?"

"हो."

"त्याच्या पुढे बसलेल्यांपैकी स्वतःच्या पैशानं किती जण बसले असतील? अंदाज बांध."

"बोरस्ते एक."

"आणि?"

"ते कसं सांगणार, मॅडम?"

"बाकीच्यांचे पैसे कुणीतरी दुसऱ्यानं भरलेत. कंपनीनं, सरकारनं, एखाद्या संस्थेनं. पगार वाढत जातो तसा स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ कमी येते. बोरस्त्यांना पगार नाही म्हणून त्यांना नीट माहीत आहे, ती खुर्ची कशासाठी लागते."

"पण तुमच्यासाठी तर नियमच आहे."

"नियम पगाराला असतो. पाठीला नसतो." त्या थोड्या वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. "बरं. समज, मी समितीतला एक खडूस माणूस आहे. तुझ्या पट्टीचा रंग कुणी वाचायचा?"

"गावातल्या कुणीही."

"कुणीही म्हणजे कोण?"

"मॅडम, हे तुम्हाला विचारतील. मला नाही."

"म्हणूनच पाठ करतेय. तू सांग, मी ऐकते."

मग मी सांगत गेले. दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांना न सांगता. दोघांचं जुळलं नाही तर नवी पट्टी. पट्टी किती महिने टिकते, उन्हाळ्यात किती, लोखंडाच्या गंजलेल्या पंपाचं पाणी असेल तर काय होतं. त्या मध्येच अडवायच्या. "हे पुन्हा सांग. छोट्या वाक्यात." "आपल्या प्रयोगशाळेत असे आढळून आले, असं नको म्हणूस. कोणाला आढळलं?"

"मला," मी म्हणाले.

"मग तसं म्हण."

खिडकीबाहेरचा सूर्य आमच्याबरोबर पश्चिमेकडे चालला होता, त्यामुळे दुपार संपतच नव्हती. मॅडमचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. मी बसा म्हटलं की त्या एक प्रश्न विचारायच्या.

व्हिएन्नाला उतरताना त्यांना चाकाच्या खुर्चीतून उतरवावं लागलं. बोरस्ते फ्रँकफुर्टलाच, आम्ही विमान बदललं तिथे, उतरले होते, ताठ चालत. हॉटेलात पलंग फार मऊ निघाला, म्हणून मॅडम गालिच्यावर झोपल्या, पाय खुर्चीवर ठेवून. सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या तशाच होत्या. बाहेर बर्फ पडून गेलं होतं.

"उठता येत नाहीये," त्यांनी सांगितलं. तापमानाची नोंद सांगावी तसं. "तू जा."

"मी बैठक पुढे ढकलायला सांगते."

"बारा देशांतून माणसं आलीत. माझ्या मणक्यासाठी थांबतील?"

"मॅडम, मला नाही जमणार. माझ्या हुद्द्याच्या माणसाचं तिथे कोण ऐकेल? तुमचं नाव आहे म्हणून बोलावलंय."

"पट्टी पिवळी पडताना हुद्दा बघते का?"

"नाही."

"मग जा. आणि जाताना ती उशी जरा इकडे सरकव."

मी रागावलेली होते. मॅडमवर नव्हे, त्या संस्थेवर. दारातच तिथल्या व्यवस्थेच्या प्रमुख श्रीमती हूबर भेटल्या. गोल चेहऱ्याच्या, लोकरी शाल घेतलेल्या. त्यांनी डॉ. देवपुजारी कुठे आहेत असं विचारलं, आणि मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते इतक्या स्पष्टपणे बोलले. म्हणाले, त्या जमिनीवर झोपल्या आहेत. तुम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवून आणलंत. आमच्या देशात त्यांच्या पगाराच्या अधिकाऱ्याला पुढची सीट मिळते. तुम्ही चौकशी तरी करायची होती.

हूबरबाईंनी मला बाजूला घेतलं.

"आम्ही पगार विचारत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावतो त्या सगळ्यांना पुढचीच सीट देतो. डॉ. देवपुजारींनाही दिली होती. त्यांनीच फोन केला. विचारलं, एवढ्या पैशांत मागच्या दोन सीट येतील का? मी म्हटलं, येतील, थोडे उरतीलही. त्या म्हणाल्या, मग दोन काढा. दुसरं नाव तुमचं सांगितलं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी त्यांना म्हटलं, तुमचं ऑपरेशन झाल्याचं ऐकलंय, एवढा प्रवास जमेल का. तर म्हणाल्या, पट्टी जिनं केली ती आली नाही, तर मी आरामात येऊन काय सांगणार?" हूबरबाईंनी शाल सारखी केली. "वक्ता म्हणूनही पहिल्यापासून तुमचंच नाव दिलंय त्यांनी. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सभागृहात लांबट टेबल होतं आणि भिंतीला लागून खुर्च्यांची दुसरी रांग होती, मदतनिसांसाठी. सवयीने मी भिंतीकडे गेले. हूबरबाईंनी मला कोपराला धरून टेबलापाशी नेलं. तिथे पाटीवर माझं नाव होतं. इंग्रजी सोनटक्केमधला एक के कमी होता.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि घसा नेहमीप्रमाणे बंद झाला. मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "ही पट्टी मी केली आहे." त्यापुढचं एकेक वाक्य छोटं करत गेले. नळाचं पाणी पेल्यात घेतलं, पट्टी बुडवली, बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

समितीचे अध्यक्ष केनियाचे होते, डॉ. ओटिएनो. धिप्पाड, भुवया पांढऱ्या. त्यांनी चष्मा वर केला.

"तुमची पट्टी पिवळी दिसते आहे," ते म्हणाले. "व्हिएन्नाचं पाणी विषारी आहे का?"

कुणीतरी हसलं. पट्टी खरंच पिवळी दिसत होती. मी दुसरी बुडवली. तीही पिवळी. ओटिएनोंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलच्या खोलीतली ती गालिच्यावरची आकृती आली, खुर्चीवर ठेवलेले पाय. वाटलं, इतकं करून त्यांनी मला इथे आणलं आणि मी दोन पट्ट्यांत सगळं बुडवलं.

मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. हातही पिवळा दिसत होता. टेबलावरचा कागदही. छताला मोठमोठी पितळी झुंबरं होती आणि पडदे ओढलेले होते.

"सर," मी म्हणाले, "कृपया उठून खिडकीपाशी याल का?"

टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तिथे सगळे मोठे होते. त्यांना कुणी उठायला सांगत नसावं. मी वाट पाहिली नाही. पेला आणि पट्ट्या घेऊन खिडकीशी गेले आणि पडदा ओढला. बाहेर चौकभर बर्फ होतं आणि त्याचा स्वच्छ पांढरा उजेड आत आला. आधी ओटिएनो आले. मग एकेक करत सगळे.

मी पट्टी उजेडात धरली. ती गुलाबी होती.

ओटिएनोंनी ती स्वतःच्या हातात घेतली, झुंबराखाली नेली, परत खिडकीशी आणली. असं दोनदा केलं.

"आमच्या गावांत वीज नाही," ते म्हणाले. "रात्री कंदिलात काय दिसेल?"

"पिवळी. म्हणून रात्री वाचायची नाही. सकाळपर्यंत थांबायचं."

"हे लोकांना कळणार कसं?"

"पाकिटावर छापलं आहे. ठळक अक्षरांत. फक्त दिवसाच्या उजेडात वाचा."

"कुठे?"

मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, उलटं केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही इतक्या दूर येताना सगळं तपासलं होतं, रसायनं, बाटल्या, तक्ते. पाकिटावरची सूचना मात्र यवतमाळसाठी छापली होती तशीच होती.

"हे मराठीत आहे," मी म्हणाले.

ओटिएनो इतके मोठ्याने हसले की पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी डोकावलं. "मग डॉक्टर," ते म्हणाले, "आमच्यासाठी स्वाहिलीत छापावं लागेल. सोमवारी मला छपाईचं सांगा." आणि पट्टी त्यांनी आपल्या खिशात ठेवली.

मी हॉटेलवर परतले तेव्हा मॅडम गालिच्यावरच होत्या. पाय मात्र आता खुर्चीवरून खाली होते.

"काय विचारलं त्यांनी?" त्यांनी विचारलं. जमलं का, असं नाही.

मी सगळं सांगितलं. झुंबरं, बर्फ, पाकीट. स्वाहिलीशी आले तेव्हा त्यांना हसू आलं आणि त्यांनी पाठीवर हात दाबून धरला. "हसवू नकोस. टाके ओढतात."

मग मी म्हणाले, "हूबरबाईंनी मला तिकिटाचं सांगितलं."

त्या छताकडे बघत होत्या. "त्या बाई फार बोलतात."

"तुम्ही आडव्या होऊन येऊ शकला असतात. आज तुम्ही तिथे असतात."

"असते ना. आणि ती पट्टी पिवळी दिसल्यावर मी सांगितलं असतं की आमच्या प्रयोगशाळेत असं आढळून आलेलं नाही. मला झुंबराकडे बघायचं सुचलं नसतं, सोनटक्के. मी ती पट्टी कधी कंदिलात धरून बघितलेली नाही. तू बघितली आहेस."

मी त्यांची उशी नीट केली, चहा सांगितला. बशीत ओतून त्यांच्याजवळ दिला. त्या कोपरावर वळून सावकाश प्यायल्या.

"सोमवारपर्यंत तुमची पाठ ठीक होईल," मी म्हणाले. "छपाईचा खर्च, भाषा, ते सगळं तुम्हीच बोला. मी बाजूला बसते."

मॅडमनी बशी खाली ठेवली.

"पाठ ठीक झाली तरी मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला हे शहर बघायचं आहे."